काचेची लिफ्ट आणि तराजूचे पारडे

हुपरी व आसपासच्या गावांतील शाळांची सहल कोल्हापुरास गेली म्हणजे अंबाबाईचे देऊळ, नवा राजवाडा आणि रंकाळा ही ठिकाणे पाहून होतात, आणि दिवस कलू लागला की मुलांचा आग्रह एखादे मोठे व्यापारी संकुल पाहण्याचा असतो. अशा कित्येक संकुलांत मध्यभागी मोकळा चौक सोडलेला असतो, त्याच्या भोवती मजल्यांवर दुकाने असतात आणि चौकाच्या एका अंगाने काचेच्या भिंतींची लिफ्ट वरखाली करीत असते. आतील माणसांस सारा चौक दिसतो व चौकातील माणसांस आतील माणसे दिसतात. मुलांची दृष्टी दुकानांवर फार वेळ राहत नाही, ती या हलत्या काचेवर खिळते.

या क्षणी वर्गाचे दोन भाग पडतात. काही मुले आत घुसण्यास धावतात. काही मुले मागे सरतात आणि "मी जिन्यानं येतो" असे म्हणतात. पहिल्या मुलांस आवरण्यातच शिक्षकांचे सारे लक्ष जाते आणि दुसऱ्या मुलांकडे दुर्लक्ष होते. वस्तुतः विचार करण्यासारखी स्थिती दुसऱ्यांची आहे. पायाखालची जमीन सुटताना डोळ्यांदेखत दिसते, म्हणून काचेच्या लिफ्टची भीती बंद लिफ्टच्या भीतीहून अधिक असते. ती भीती बाळगणाऱ्या मुलास सोबती हसतात, "भित्रा" हे नाव गावी परत येते आणि पुढे वर्षभर त्यास चिकटून राहते. क्वचित शिक्षकही त्या हसण्यात सामील होतात. ही गोष्ट खेदाची आहे, कारण त्या मुलाने विचारलेला किंवा मनात ठेवलेला प्रश्न अगदी योग्य असतो. तो प्रश्न म्हणजे, "गुरुजी, दोर तुटला तर हो?" या प्रश्नाचे उत्तर सहलीच्या आधी वर्गात देता येते, आणि हुपरीच्या मुलांस ते देणे तर विशेष सोपे आहे.

हुपरीतील मूल चांदीच्या गावात वाढते. पैंजण, वाळे, जोडवी, करदोडे यांचे काम घरोघर चालत आलेले आहे. चांदी देताना वजन, घेताना वजन, घट किती गेली ते पाहण्यास पुन्हा वजन, असे हे काम असल्यामुळे तराजूच्या दांडीचे वर्तन या मुलांस पाढ्यांच्या आधी कळते. आज बहुतेक ठिकाणी विजेवर चालणारा काटा आला असला तरी दोन पारड्यांचा तराजू त्यांना अपरिचित नाही. लिफ्ट हा तराजूच आहे, एवढे एक वाक्य फळ्यावर लिहून पाठास प्रारंभ करावा. मुले ते मान्य करणार नाहीत. पाठाच्या आरंभी असा नकार मिळणे हिताचेच असते.

साहित्य अल्प लागते. टायर काढलेली सायकलची चाकाची कडी दाराच्या आडव्या तुळईस अशी टांगावी की ती सहज फिरेल. तिच्या खाचेतून सुताची दोरी घ्यावी आणि दोरीच्या दोन टोकांस सारख्या वजनाचे दोन रिकामे डबे बांधावेत. एका डब्यावर "खोली" असे लिहावे व दुसऱ्यावर "प्रतिभार". प्रतिभाराच्या डब्यात सारख्या आकाराच्या 4 गोट्या कायमच्या ठेवाव्यात. खोलीच्या डब्यात 8 गोट्यांपर्यंत भरता येतील असे ठरवावे. गोटी म्हणजे माणूस.

प्रथम खोली रिकामी ठेवावी. डबा सोडताच तो आपोआप वर जातो. येथे बहुतेक मुले चकित होतात, कारण रिकामी लिफ्ट सोडली तर ती खाली पडेल अशी त्यांची कल्पना असते. नंतर एकेक गोटी घालीत जावे. 4 गोट्या झाल्या की दोन्ही डबे जेथे ठेवाल तेथे स्थिर राहतात. 8 गोट्या झाल्या की खोली खाली येते. आता मुलांस विचारावे की, 8 माणसे वर न्यायची तर हाताने किती गोट्यांइतका जोर लावावा लागेल? उत्तर 4 असे येते. खोलीचे स्वतःचे वजन या हिशेबातून नाहीसे झाले, कारण ते दुसऱ्या डब्याने तोलून धरले आहे. गावच्या वाण्याने रिकाम्या भांड्याचे वजन पलीकडच्या पारड्यात धडा करून ठेवावे, तसाच हा प्रकार आहे.

वरच्या वर्गांत हेच प्रत्यक्ष अंकांनी करून घ्यावे. आपल्या देशातील मानकांप्रमाणे लिफ्टमधील प्रत्येक व्यक्तीचे वजन 68 किलोग्रॅम धरतात. म्हणून 8 व्यक्तींच्या लिफ्टवरील पाटीवर 544 किलोग्रॅम हा आकडा आढळतो. समजा, रिकाम्या खोलीचे वजन 800 किलोग्रॅम आहे. प्रतिभार हा खोलीचे वजन अधिक पूर्ण ओझ्याच्या सुमारे निम्मे, इतका ठेवण्याची रीत आहे, म्हणजे येथे 1072 किलोग्रॅम. खोली पूर्ण भरली तर एका बाजूस 1344 व दुसऱ्या बाजूस 1072. फरक केवळ 272 किलोग्रॅमचा. प्रतिभार नसता तर यंत्रास सगळे 1344 किलोग्रॅम उचलावे लागले असते, म्हणजे जवळजवळ पाचपट. सेकंदास एक मीटर या वेगाने उचलण्यास पहिल्या स्थितीत सुमारे 2.7 किलोवॉट शक्ती पुरते, दुसरीत 13 किलोवॉटहून अधिक लागते. घर्षणाचा खर्च यात धरलेला नाही, हे सांगावयास हवे.

विहिरीवरील रहाटाशी तुलना करण्याचा मोह येथे होतो. तो काहीसा आवरावा. रहाटाच्या लाटेवर दोर गुंडाळला जातो, आणि आरंभीच्या लिफ्टही अशाच गुंडाळणाऱ्या होत्या. इमारती उंच झाल्या तसा गुंडाळावयाचा दोर वाढला, लाट अवाढव्य होऊ लागली आणि ती पद्धत मागे पडली. आजच्या दोराच्या लिफ्टमध्ये पोलादी दोर चाकाच्या खाचांवरून नुसते जातात व घर्षणाने ओढले जातात. घर्षणाचे हे बळ समजण्यास जनावराचे दावे उपयोगी पडते. उधळलेल्या बैलाचे दावे नुसत्या हाताने धरवत नाही, पण खुंट्याभोवती त्याचे दोन वेढे दिले तर लहान मुलगाही ते धरून ठेवू शकतो. या व्यवस्थेचा आणखी एक गुण आहे. प्रतिभार तळाशी जाऊन टेकला की त्याच्या बाजूचा दोर सैल होतो, चाक नुसते फिरत राहते आणि खोली छतावर आदळत नाही.

शिवरायांच्या रायगडावर 1996 मध्ये सुरू झालेल्या रज्जुमार्गाने जी मुले गेली असतील त्यांना तेथील पाळणे आठवण्यास सांगावे. एका बाजूचे पाळणे वर चढत असता दुसऱ्या बाजूचे खाली उतरत असतात. तेथे प्रतिभाराचे काम दुसरे पाळणेच करतात.

सगळ्या लिफ्ट अशा नसतात, हे मात्र शिक्षकांनी प्रामाणिकपणे सांगून ठेवावे. दोन-तीन मजल्यांच्या इमारतींत तेलाच्या दाबावर वर सरकणाऱ्या दांड्याची लिफ्टही असते. ट्रॅक्टरची ट्रॉली ज्या दांड्याने मागे कलते त्याच जातीची ही युक्ती आहे. काचेच्या लिफ्टचा मोठा लाभ हा की, ती कोणत्या जातीची आहे हे मुलास स्वतः पाहून ठरवता येते. खोलीच्या पाठीमागे उभ्या रुळांमध्ये पाहावे. खोली वर जाताना लोखंडी वजनांची एक उभी चौकट खाली सरकताना दिसली तर तो प्रतिभार. खोली व चौकट मध्यावर एकमेकींना ओलांडतात. हे निरीक्षण नेमून दिले असता भिणारे मूलही काम असल्यामुळे पुढे येऊन उभे राहते.

आता मुख्य प्रश्न. दोर तुटला तर?

एक दोर तुटल्याने लिफ्ट पडत नाही, कारण दोर एकच नसतो. अनेक दोर असतात आणि त्यांची ताकद नेहमीच्या ओझ्याच्या कित्येक पट ठेवलेली असते. तथापि मुलाचे समाधान एवढ्याने होत नाही आणि होऊही नये. "सगळेच तुटले तर?" असे ते विचारील. हाच प्रश्न एकोणिसाव्या शतकात सर्व जगाने विचारला होता. ओझी उचलणारे पाळणे तेव्हाही होते, परंतु दोर तुटण्याच्या भयामुळे त्यांत माणसे बसण्यास धजत नसत. 1854 मध्ये न्यूयॉर्क येथील प्रदर्शनात इलायशा ओटिस नावाच्या कारागिराने लोकांसमक्ष एका उंच फळीवर उभे राहून आपल्याच डोक्यावरील दोर तोडविला. फळी थोडी खचली आणि थांबली. ते प्रदर्शन भरले होते ती इमारतही लोखंड आणि काच यांचीच होती.

ओटिसची युक्ती मुलांस बांबूच्या कामटीने दाखविता येते. कामटीचे धनुष्य करून दोरी ताणली की ती वाकते. दोरी कापताच कामटी सरळ होते व तिची टोके बाहेर फेकली जातात. ओटिसच्या फळीवर पोलादी कमान होती. दोर ताणलेला असेतो ती वाकलेली राही. दोर तुटताच ती उलगडे व तिची टोके दोन्ही बाजूंच्या दातेरी खांबांत अडकत. दोर तुटणे हीच पकड बसण्याची खूण, अशी ही रचना होती. आजच्या लिफ्टमध्ये या युक्तीचे सुधारलेले रूप असते. एक चक्री खोलीच्या वेगाबरोबर फिरत असते. वेग ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की चक्रीवरील वजने बाहेर झुकतात, त्यामुळे कळ दाबली जाते आणि खोलीखालील जबडे रुळांस घट्ट आवळतात. जत्रेतील गोल फिरणारे पाळणे वेग वाढताच बाहेर झुकतात, हे ज्याने पाहिले आहे त्यास चक्रीची वजने का झुकतात ते निराळे सांगावे लागत नाही.

पुढे 23 मार्च 1857 रोजी ओटिसची माणसे वाहून नेणारी लिफ्ट न्यूयॉर्कमधील हॉवाउट यांच्या पाच मजली दुकानात सुरू झाली. त्या दुकानात काचेची झुंबरे, चिनी मातीची भांडी आणि चांदीच्या वस्तू विकल्या जात. गिऱ्हाइकाने वरच्या मजल्यावर यावे यासाठी लिफ्ट बसविण्याची कल्पना अशी चांदीच्या दुकानातून निघालेली आहे, ही गोष्ट हुपरीच्या वर्गात अवश्य सांगावी. विजेची पहिली लिफ्ट वेर्नर फॉन सीमेन्स यांनी जर्मनीतील मानहाइमच्या प्रदर्शनात 1880 मध्ये चालविली. काचेच्या लिफ्टची चाल पुढची आहे. 1956 मध्ये अमेरिकेतील सॅन दिएगो येथील एका हॉटेलाच्या बाह्य भिंतीवर तशी लिफ्ट आली, आणि 1967 मध्ये वास्तुशिल्पी जॉन पोर्टमन यांनी अटलांटा येथील हॉटेलात बावीस मजल्यांचा आतील चौक करून त्यात काचेच्या लिफ्ट फिरत्या ठेवल्या. पुढे व्यापारी संकुलांनी हीच कल्पना उचलली. वर जाणाऱ्यास प्रत्येक मजल्यावरील दुकान दिसावे हा त्यातील सरळ व्यापारी हेतू होय.

काच फुटण्याची शंकाही निघेल. तेथे वापरतात ती काच खिडकीच्या तावदानाची नव्हे. दोन काचांमध्ये पारदर्शक चिवट थर चिकटविलेला असतो, त्यामुळे तडा गेला तरी तुकडे जागच्या जागी राहतात. फ्रान्समधील एद्वार बेनेदिक्तस यांस 1903 मध्ये ही युक्ती सुचली. मात्र काच मजबूत आहे म्हणून तिच्यावर रेलावे असे नाही. रेलणाऱ्यास मागून धक्का देणारा सोबती वर्गात असतोच.

हे सर्व झाल्यावर एक प्रश्न मुलांपुढे टाकावा आणि उत्तरासाठी घाई करू नये. एक किलोग्रॅम चांदी लिफ्टमध्ये तोलली तर वजन तितकेच भरेल काय?

चांदीच्या गावात या प्रश्नास विशेष धार आहे. वजनातील काही ग्रॅमच्या वादाने घराघरांत, व्यापारी आणि कारागीर यांच्यात, वर्षानुवर्षांचे व्यवहार बिघडतात हे मुले ऐकून असतात. त्यामुळे उत्तरे तावातावाने येतील. वस्तुस्थिती अशी आहे. लिफ्ट वर सुटण्याच्या क्षणी तिचा वेग वाढत असतो. तो दर सेकंदास अर्धा मीटर प्रतिसेकंद या प्रमाणात वाढत आहे असे धरले तर विजेचा काटा त्या एकदोन सेकंदांत सुमारे 1051 ग्रॅम दाखवील. लिफ्ट समान वेगाने जाऊ लागली की आकडा पुन्हा 1000 वर येईल. वर पोचून थांबताना तो सुमारे 949 पर्यंत उतरेल. चांदी मात्र होती तेवढीच आहे. काट्याने चांदीचा आपल्यावर पडणारा दाब मोजला, आणि तो दाब बदलला.

दोन पारड्यांच्या तराजूत मात्र काहीच फरक पडणार नाही. एका पारड्यातील चांदी जितकी जड भासेल तितकेच दुसऱ्या पारड्यातील मापही जड भासेल व दांडी सरळ राहील. येथे वर्गात शांतता पसरते असा अनुभव येतो. वजन आणि वस्तुमान यांतील भेद पाठ्यपुस्तकातील व्याख्येने जितका समजत नाही तितका या एका उदाहरणाने समजतो. मुलांनी लिफ्टमध्ये काटा न्यावा असे मात्र नाही. त्यांचे शरीरच काटा आहे. सुटताना गुडघ्यांवर भार आल्यासारखे वाटते आणि थांबताना पोटात हलके वाटते, एवढे त्यांनी ध्यानात ठेवून वहीत लिहावे. भिणाऱ्या मुलास पोटातील ही चाहूल धोक्याची सूचना वाटत असते. ती 51 ग्रॅमची गोष्ट आहे हे आधी कळले असेल तर त्याच चाहुलीची तो वाट पाहतो.

डोळ्यांचा भ्रम हा आणखी एक विषय. काचेतून पाहताना आपण स्थिर असून दुकाने खाली चालली आहेत असे क्षणभर भासते. आर्यभटाने 499 च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या ग्रंथात नावेत बसलेल्या माणसाचा दृष्टांत देऊन, काठावरील स्थिर वस्तू जशा मागे जाताना दिसतात तसे तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात, असे म्हटले आहे. एस. टी.च्या खिडकीतून झाडे पळताना पाहिलेल्या मुलास हा दृष्टांत नवा नाही. नवे आहे ते हे की, काचेच्या लिफ्टमध्ये तो उभ्या दिशेने अनुभवास येतो. पृथ्वीचे परिवलन शिकविताना या अनुभवाची आठवण करून द्यावी.

सुरक्षिततेच्या सूचना सहलीच्या सकाळी देऊन उपयोग नाही. गाडीत बसण्याच्या गडबडीत त्या कोणी ऐकत नाही. त्या पाठाबरोबरच द्याव्यात व कारणांसह द्याव्यात. दार मिटत असताना हात घालू नये. आधी उतरणाऱ्यांस उतरू द्यावे. एक शिक्षक प्रथम आत जावा आणि दुसरा शेवटी बाहेर राहावा, म्हणजे लहान मूल एकटे वर किंवा खाली जाणार नाही. पाटीवर 8 व्यक्ती असल्यास 8 च जणांनी जावे. येथे हुशार मूल गणित मांडील की, एका मुलाचे वजन 30 किलोग्रॅम धरले तर 544 किलोग्रॅममध्ये 18 मुले बसतील. गणित बरोबर आहे असे मोकळेपणाने सांगावे. परंतु 18 मुलांचा लोंढा दारावर व काचेवर दाटतो आणि सर्वांत लहान मूल मागे चेंगरते, हा विचार गणितात आलेला नाही, हेही सांगावे.

लिफ्ट मध्येच थांबली तर दार ओढून उघडू नये. आत हवा येत राहते, गुदमरण्याचे कारण नाही. घंटेची कळ दाबावी व थांबावे. लिफ्टच्या बाबतीत झालेल्या दुर्दैवी घटनांत अर्धवट उघडलेल्या दारातून उडी मारण्याचा प्रयत्न हे एक कारण असते. अशा वेळी स्थिर उभे राहणे हेच शहाणपण. आग लागली असता लिफ्ट वापरू नये, कारण वीज गेली की माणूस धुरात अडकतो. आपल्या राज्यात लिफ्टवर 1939 च्या मुंबईच्या अधिनियमापासून शासनाची देखरेख आहे, व आता त्याची जागा 2017 च्या महाराष्ट्राच्या अधिनियमाने घेतली आहे. परवान्यावाचून लिफ्ट चालविता येत नाही. अधिकृत मराठीत तिला उद्वाहन म्हणतात. मुलांनी हा शब्द वाचावयास शिकावे, बोलताना लिफ्ट म्हणण्यास हरकत नाही.

एवढे सर्व करूनही एखादे मूल दाराशी थबकेल. त्यास आग्रह करू नये. त्याच्या हाती घड्याळ द्यावे आणि जिन्याचे काम सोपवावे. हे काम समजूत काढण्यापुरते नाही, त्यावाचून पाठ पुरा होत नाही. त्याने पायऱ्या मोजाव्यात व एका पायरीची उंची पट्टीने घ्यावी. समजा तिसऱ्या मजल्यापर्यंत 66 पायऱ्या भरल्या व एक पायरी 16 सेंटिमीटर उंच निघाली, तर एकंदर उंची 10.56 मीटर झाली. मग खाली उभे राहून लिफ्टला तेथवर जाण्यास किती सेकंद लागतात ते त्याने पाहावे. 15 सेकंद लागले तर सरासरी वेग सेकंदास सुमारे 0.7 मीटर येतो. लिफ्टच्या पाटीवर किंवा तेथील कामगाराकडून कळणारा वेग याहून अधिक असेल. हा फरक का पडला, हे शोधण्याचे काम आत बसून गेलेल्या मुलांचे. सुटताना वेग वाढण्यात आणि थांबताना कमी होण्यात वेळ गेला, हे त्यांच्या गुडघ्यांनी त्यांस आधीच सांगितलेले असते. जिन्याने गेलेल्याचा आकडा आणि लिफ्टने गेलेल्यांची नोंद दोन्ही फळ्यावर शेजारी लिहावीत. दुसऱ्या फेरीस तो मुलगा काय करतो ते त्याच्यावर सोडावे.